गॅमा जोडताऱ्यांसाठी किती तास मागावेत? आधी कोणते तास ते ठरवा

तुमच्या प्रश्नाचे तीन भाग आहेत. गॅमा किरण सोडणाऱ्या जोडताऱ्यांवर प्रकल्प करायचा आहे, तर कोणती जोडी निवडावी? सीटीएओ, म्हणजे चेरेन्कोव्ह टेलिस्कोप ॲरे ऑब्झर्व्हेटरी, आताच्या दुर्बिणींपेक्षा पाच ते दहा पट संवेदनशील असणार; मग प्रस्तावात किती तास मागितले म्हणजे पुरे? आणि आतला जोडीदार पल्सार (वेगाने फिरत ठरावीक स्पंदनं देणारा मेलेला तारा) आहे की कृष्णविवर, हा जुना वाद त्यातून निकाली निघेल का? तिसऱ्याचं उत्तर शेवटाकडे देतो. मधला प्रश्न मात्र मी जरा फिरवून घेणार आहे. या विषयात 'किती तास' यापेक्षा 'कोणते तास' यावर सगळं अडतं, आणि हे मी स्वतः बऱ्याच उशिरा शिकलो.

आधी शब्द नक्की करू. गॅमा किरण सोडणाऱ्या जोड्या बऱ्याच जातींच्या आहेत. आरएस ऑफियुकी हा नोव्हा २०२१ च्या ऑगस्टमध्ये उडाला तेव्हा तो थेट टीईव्ही दुर्बिणींत दिसला (टीईव्ही म्हणजे लाख कोटी इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा, जीईव्ही त्याचा हजारावा भाग). ईटा कॅरिनीत साडेपाच वर्षांच्या कक्षेत दोन अजस्र ताऱ्यांचे वारे एकमेकांवर आदळतात. एसएस ४३३ या जोडीतून निघणारे झोत वेगळेच. पण आम्ही नुसतं 'गॅमा बायनरी' म्हणतो तेव्हा अर्थ अरुंद असतो: एक जड, तापलेला ओ किंवा बीई जातीचा तारा, त्याच्याभोवती फिरणारी छोटी, अतिघन वस्तू (पल्सार किंवा कृष्णविवर), आणि ताऱ्याचा स्वतःचा उजेड बाजूला ठेवला तर बाकीच्या ऊर्जेचा मोठा वाटा गॅमा किरणांत. अशा जोड्या अजून डझनभरही ठाऊक नाहीत. तुम्ही याच अर्थाने विचारलंय असं धरून पुढे जातो.

आता एक उदाहरण जवळून बघू. एलएस ५०३९. सुमारे ३९,००० केल्विन तापमानाचा ओ तारा, आणि ३.९ दिवसांत त्याला फेरी मारणारा जोडीदार. दोघांतलं अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या साधारण सातव्या हिश्श्याइतकं. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी २००४ आणि २००५ मध्ये मिळून याच्याकडे सुमारे ७० तास बघितलं आणि हाती लागले जेमतेम दोन हजार गॅमा फोटॉन. म्हणजे दोन मिनिटांना एक. हेसचा एक 'रन' २८ मिनिटांचा असतो, तर एका रनमध्ये सरासरी बारा-तेरा फोटॉन. त्यांत कॉस्मिक किरणांचा कचरा मिसळलेला असतो, तो वेगळाच. बारा फोटॉनांत 'आहे की नाही' एवढं सांगता येतं. वर्णपट काढता येत नाही.

मग हेसने काय केलं? जे सगळेच करतात ते. प्रत्येक रनची वेळ ३.९ दिवसांच्या घडीत दुमडली आणि दोन वर्षांतले सगळे फेरे एकावर एक रचले. त्यातून जो आलेख आला तो सुंदर आहे: जोडीदार आपल्या बाजूला असतो तेव्हा टीईव्ही उजेड जास्त आणि वर्णपट सपाट, पलीकडे जातो तेव्हा उजेड कमी आणि वर्णपट तीव्र उताराचा. पाठ्यपुस्तकांत छापण्यासारखा आलेख. पण तो अनेक फेऱ्यांची सरासरी आहे, हे लोक विसरतात. एलएस ५०३९ चा एक अख्खा फेरा या ऊर्जेत बारकाईने कोणी पाहिलेलाच नाही. सगळे फेरे एकसारखे असतात हे आपण बऱ्याच अंशी गृहीत धरलंय.

नव्या दुर्बिणीचं खरं मोल इथे आहे. प्रकाश गोळा करणारं क्षेत्र पाच-दहा पट झालं की त्याच अर्ध्या तासातले बारा फोटॉन साठ ते सव्वाशे होतात, आणि तेवढ्यांत वर्णपटाचा उतार काढता येतो. हिशोब दोन तऱ्हेने चालतो, तेवढा लक्षात ठेवा. मागचा कचरा नगण्य असेल, साधारणपणे काही टीईव्हीच्या वर, तर संवेदनशीलता पाच पट सुधारली की लागणारा वेळ पाच पट घटतो. कचऱ्याचंच राज्य असेल, म्हणजे शंभर जीईव्हीच्या आसपास, तर वेळ पंचवीस पट घटतो, कारण तिथे संकेताची खात्री वेळेच्या वर्गमुळाने वाढते. म्हणून 'दहा पट चांगली दुर्बीण, म्हणून दशांश तास' असं सरसकट लिहू नका. कोणत्या ऊर्जेत काय मोजणार ते आधी लिहा, मग तास.

आता कोणत्या ऊर्जेत, ते. टीईव्ही फोटॉन ताऱ्याच्या अतिनील फोटॉनला धडकला की दोघे मिळून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होते आणि गॅमा फोटॉन संपतो. एलएस ५०३९ च्या ताऱ्याचा सरासरी फोटॉन सुमारे ९ इलेक्ट्रॉनव्होल्टचा. समोरासमोर टक्कर धरली तर इलेक्ट्रॉनच्या स्थिर ऊर्जेचा वर्ग भागिले ९, म्हणजे साधारण ३० जीईव्हीपासून हे शोषण सुरू होतं आणि शंभर ते काही शे जीईव्हीच्या पट्ट्यात सर्वांत जोरात असतं. जोडीदार ताऱ्यामागे असताना हा पट्टा काळवंडायला हवा. आणि गंमत अशी की हेसच्या मोजणीत २०० जीईव्हीच्या आसपास फेऱ्यातला बदल सर्वांत कमी दिसला! जिथे सर्वांत जास्त हवा तिथे सर्वांत कमी. याचे अर्थ दोन-तीन निघतात. शोषलेल्या फोटॉनांतून पुन्हा नवे फोटॉन जन्मत असतील, किंवा किरण निघण्याची जागा जोडीदाराजवळ नसून बरीच बाहेर असेल, किंवा दोन्ही. आजच्या आकड्यांवर यांतलं काही पक्कं सांगता येत नाही, कारण फर्मी उपग्रहाला १० जीईव्हीच्या वर फोटॉनच पुरत नाहीत (त्याचं क्षेत्र चौरस मीटरच्या घरातलं) आणि जमिनीवरच्या जुन्या दुर्बिणी शंभरच्या खाली आंधळ्या होत जातात. मधली ती दरी २० जीईव्हीपासून बघू शकणाऱ्या २३ मीटर व्यासाच्या मोठ्या दुर्बिणी भरून काढतील. मला स्वतःला सीटीएओकडून सर्वांत जास्त अपेक्षा याच पट्ट्यात आहे. ३०० टीईव्हीच्या टोकाबद्दल गाजावाजा जास्त होतो, पण तिथे एचएडब्ल्यूसी आणि एलएचएएएसओ या दिवसरात्र बघणाऱ्या वेधशाळांनी बरंच मैदान आधीच मारलंय.

पण थांबा. सीटीएओच्या पहिल्या टप्प्याच्या मंजूर आराखड्यात स्पेनच्या ला पाल्मा बेटावर ४ मोठ्या आणि ९ मध्यम दुर्बिणी आहेत. चिलीतल्या पारानालजवळ १४ मध्यम आणि ३७ लहान, मोठी एकही नाही. दक्षिणेत दोन मोठ्या बसवण्याची वेगळी योजना आहे, पण तुमचा प्रस्ताव लिहिताना तिथे काय उभं असेल यावर बरंच काही ठरेल. एलएस ५०३९ खगोलीय विषुववृत्ताच्या १५ अंश दक्षिणेला आहे. पारानालहून तो जवळजवळ डोक्यावर येतो. ला पाल्माहून मात्र शिरोबिंदूपासून ४४ अंश खालीच राहतो. तितक्या तिरक्या हवेतून बघितलं की चेरेन्कोव्ह उजेड (गॅमा किरण हवेत शिरल्यावर उमटणारी क्षणिक चमक, जी या दुर्बिणी टिपतात) लांबून येतो, पसरतो, आणि दुर्बिणीची किमान ऊर्जा वर सरकते. म्हणजे जिथे मोठी दुर्बीण आहे तिथून तारा तिरका, आणि जिथून तारा सरळ तिथे मोठी दुर्बीण नाही. या पेचावर साधं उत्तर नाही. ऊर्जेची दरी हाच तुमचा प्रश्न असेल तर मी एलएस आय +६१ ३०३ कडे वळेन. तो ला पाल्माहून शिरोबिंदूपासून ३२ अंशांवर येतो.

आता कॅलेंडर. बहुतेक प्रस्ताव इथेच घसरतात. चेरेन्कोव्ह दुर्बिणींना काळोख हवा, म्हणून वर्षाला साधारण हजार तासच हाती येतात आणि पौर्णिमेच्या आसपासचे दिवस जातात. कक्षेचा काळ आणि आकाशाची ही घड्याळं एकमेकांत कशी अडकतात ते बघा.

एलएस ५०३९ चा काळ ३.९०६ दिवस. चार रात्रींनी तुम्ही जवळजवळ त्याच जागी परत येता, फक्त सव्वादोन तास पुढे. म्हणजे एका वेधशाळेतून सलग चार रात्री बघितलं तर कक्षेचे चार तुकडे मिळतात आणि मधल्या मोठ्या फटी तशाच राहतात. त्या भरायला सहा आठवडे लागतात, आणि मध्ये चंद्र येतो. उपाय म्हणजे रेखांश. नामिबियानंतर सव्वादोन तासांनी ला पाल्मा आणि आणखी साडेतीन तासांनी पारानाल रात्रीत शिरतं, तेव्हा जून-जुलैत एकाच रात्रीचा तुकडा दुपटीने लांबवता येतो. 'दोन्ही ठिकाणाहून, लागोपाठ' असं प्रस्तावात लिहिणं म्हणजे चैन करणं नव्हे. एक फेरा एकसंध बघण्याच्या जवळ जायचा तोच रस्ता आहे.

एलएस आय +६१ ३०३ चा काळ २६.५ दिवस आणि चांद्रमास २९.५. दर काळोख्या पंधरवड्यात कक्षा तीन दिवसांनी सरकलेली असते. सगळ्या जागा बघून व्हायला साडेआठ महिने लागतात, आणि तेवढे महिने तो आकाशात सोयीचा नसतो. त्यात भर म्हणून या जोडीला १,६६७ दिवसांचं दुसरं, मोठं चक्र आहे. एका हंगामात बघितलेलं 'वर्तन' पुढच्या हंगामात बदललेलं असू शकतं. ज्यांनी एकाच वर्षाच्या जोरावर या ताऱ्यावर ठाम विधानं केली त्यांची पंचाईत झाली आहे. त्यात मीही आलो.

हेस जे०६३२+०५७ चा काळ सुमारे ३१७ दिवस. तो हिवाळ्यात दिसतो, दर हंगामात कक्षेचा निम्म्याहून थोडा जास्त भाग, आणि हा भाग वर्षाला ४८ दिवसांनी सरकतो. उरलेला तुकडा बघायला आणखी तीन वर्षं. एम.एस्सी.च्या प्रकल्पात हे बसत नाही, पण जुन्या मोजण्या प्रसिद्ध झालेल्या आहेत, त्यांना तुमच्या एका हंगामाची जोड देता येईल.

आणि पीएसआर बी१२५९-६३. हा मला सर्वांत प्रिय, म्हणून जरा रेंगाळतो. इथे जोडीदार पल्सार आहे याबद्दल वाद नाही. ४८ मिलिसेकंदांची स्पंदनं १९९२ पासून माहीत आहेत. कक्षा १,२३७ दिवसांची आणि अतिशय लांबट. जवळ येताना पल्सार ताऱ्याभोवतीची वायूची तबकडी दोनदा फोडून जातो, जवळच्या बिंदूच्या दोन-तीन आठवडे आधी आणि तितकेच नंतर. २०११ च्या जानेवारीत, जवळचा बिंदू उलटून महिना झाल्यावर, सगळं शांत होत आलंय असं वाटत असताना फर्मीला प्रचंड भडका दिसला. पल्सार फिरण्याचा वेग गमावून जेवढी ऊर्जा देतो जवळजवळ तेवढी सगळी जीईव्ही किरणांत बाहेर पडत होती. टीईव्हीत त्याच वेळी तसं काहीच नाही. २०१४ मध्ये पुन्हा भडका, २०१७ मध्ये उशिरा आणि मिनिटामिनिटांच्या झटक्यांनी, २०२१ मध्ये तर सुमारे ५५ दिवसांनी. का, हे अजून कुणी पटेल असं सांगितलेलं नाही. मिनिटांचे झटके टीईव्हीतही आहेत का, हे बघायला मिनिटांत फोटॉन मोजणारी दुर्बीण लागते.

याचा मागचा जवळचा बिंदू ३० जून २०२४ ला होऊन गेला. पुढचा १८ नोव्हेंबर २०२७ च्या आसपास. आता सूर्य कुठे आहे ते बघा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य याच दिशेला असतो, तेव्हा तबकडीचा पहिला छेद जवळजवळ हातचा जाणार. नोव्हेंबरअखेरीपासून तो पहाटे वर येऊ लागेल आणि डिसेंबरअखेर ते जानेवारी, म्हणजे भडक्याची अपेक्षा असते ते दिवस, पहाटेचे दोन-तीन तास मिळतील. ला पाल्माहून हा तारा कधीच दिसत नाही, सगळं दक्षिणेवर. तोवर पारानालला किती दुर्बिणी चालू झालेल्या असतील त्यावर तुमचा प्रस्ताव उभा राहील किंवा पडेल.

आता माझी एक फजिती सांगतो, कारण ती तुम्ही नक्की कराल. एका जोडीच्या कक्षेत ०.६ ते ०.७ या फेजच्या दरम्यान (फेज म्हणजे फेऱ्याचा किती भाग झाला तो आकडा, पूर्ण फेरा म्हणजे १) मला नवा उंचवटा सापडला. तीन महिने मी त्यावर खूश होतो, आकृती रंगवून झाली होती. गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी एवढंच विचारलं, "त्या खान्यातले रन किती तिरके आहेत रे?" बघितलं तर सगळे हंगामाच्या सुरुवातीचे, शिरोबिंदूपासून ५० अंशांहून जास्त खालचे. तिथे किमान ऊर्जा १५० वरून ४०० जीईव्हीला गेली होती. मी मात्र सगळीकडे '२०० जीईव्हीच्या वरचा प्रवाह' छापत होतो, वर्णपटाचा घात (ऊर्जेबरोबर फोटॉन किती झपाट्याने घटतात तो आकडा) २.७ धरून. खरा घात २.२ च्या जवळचा होता. वरून खाली ताणताना मी फोटॉन फुकट वाढवले होते. उंचवटा ताऱ्यात नव्हता, माझ्या गृहीतकात होता. तेव्हापासून प्रत्येक फेज-आलेखाच्या खाली मी दुसरा आलेख काढतो: त्या खान्यातल्या रनांचा सरासरी तिरकेपणा. तो सपाट नसेल तर वरच्यावर विश्वास ठेवत नाही.

फेजच्या शून्याबद्दलही जपा. एलएस ५०३९ मध्ये शून्य म्हणजे जवळचा बिंदू. एलएस आय +६१ ३०३ मध्ये शून्य म्हणजे जुन्या रेडिओ मोजणीची एक तारीख. जवळचा बिंदू ०.२३ च्या आसपास धरायची पद्धत आहे, पण प्रकाशाच्या ध्रुवणाच्या मोजणीतून तो ०.६ जवळ असावा असंही पुढे आलंय. हा फरक किरकोळ नाही. टीईव्ही उजेडाचं शिखर ०.६ ते ०.७ ला असतं. ते 'दूर असताना' म्हणायचं की 'जवळ असताना', सगळं मॉडेल त्यावर उलटतं. म्हणून नुसती फेज कधी साठवू नका. प्रत्येक रनची मूळ वेळ ठेवा, सूर्यमालेच्या केंद्राला दुरुस्त करून.

आणखी एक गोष्ट, थोडी नाउमेद करणारी. फोटॉन वाढले की सांख्यिकी चूक घटते, पण हवेची चूक घटत नाही. पातळ ढग, धूळ, आरशांची झीज यांमुळे प्रवाहाच्या मोजणीत आज दहा-वीस टक्क्यांची अनिश्चितता धरतात. बारा फोटॉन असताना तिची फिकीर नव्हती. शंभर फोटॉन असतील तेव्हा रात्रीरात्रीचा पंधरा टक्के फरक ताऱ्याचा की ढगाचा, हा खरा प्रश्न होईल. म्हणून त्याच दृष्टिक्षेत्रात दुसरा स्थिर स्रोत असणारी जोडी मी पसंत करतो. तो वरखाली झाला की ताऱ्याला दोष द्यायचा नाही.

पल्सार की कृष्णविवर? नव्या दुर्बिणी हे सरळ सांगणार नाहीत. याचा निकाल स्पंदनं देतात, आणि ती बहुधा रेडिओत सापडतात. एलएस आय +६१ ३०३ मध्ये चीनच्या फास्ट दुर्बिणीला २०२० च्या जानेवारीत २६९ मिलिसेकंदांची स्पंदनं एका दिवशी दिसली, २०२२ मध्ये ते छापून आलं, आणि त्या जोडीचा वाद बराचसा निवळला. एलएस ५०३९ मध्ये ९ सेकंदांची क्ष-किरण स्पंदनं असल्याचा दावा २०२० चा. तो सगळ्यांना मान्य नाही. टीईव्हीतून जे मिळेल ते आडवळणाने. पल्सारचा वारा ताऱ्याच्या वाऱ्याला थोपवत असेल तर ती धडकेची जागा कक्षेच्या भूमितीने बांधलेली असते, तेव्हा फेरे बरेचसे एकसारखे यावेत. आत पडणाऱ्या वायूवर चालणारा झोत असेल तर तो चंचल असतो. 'एक फेरा दुसऱ्यासारखा आहे का' हे मोजता आलं तर पारडं एका बाजूला झुकेल. मघाशी एका फेऱ्याबद्दल इतकं बोललो ते याचसाठी.

तर निवड. वर्षभरच हाती असेल तर नव्या वेळेची वाट बघू नका. फर्मीची २००८ पासूनची मोजणी खुली आहे, सीटीएओच्या दुर्बिणींचे प्रतिसाद-तक्ते (कोणत्या ऊर्जेचे फोटॉन दुर्बीण किती आणि कसे टिपेल ते सांगणारे) खुले आहेत, आणि गॅमापाय हे पायथनमधलं विश्लेषणाचं साधन फुकट आहे. एलएस ५०३९ च्या कक्षेचे दहा-बारा तुकडे करा, दोन मॉडेल घ्या (किरण जोडीदाराजवळून निघतात हे एक, बाहेरून निघतात हे दुसरं), आणि अर्ध्या अर्ध्या तासाची खोटी निरीक्षणं तयार करून बघा की दोन्ही वेगळी ओळखायला किती आणि मुख्य म्हणजे कोणते तास लागतात. फटी खऱ्या कॅलेंडरवरूनच घ्या, सोयीने नको. प्रवाहात वीस टक्क्यांची यादृच्छिक हलचल मुद्दाम घाला आणि पुन्हा बघा. पीएच.डी. करणार असाल आणि दक्षिणेत प्रवेश मिळण्यासारखा गट असेल, तर २०२७ च्या डिसेंबरकडे डोळे लावून बी१२५९ घ्या. मात्र क्ष-किरण उपग्रहाचा वेळ त्याच पहाटेंसाठी वेगळा मागावा लागेल, आणि तो अर्ज बराच आधी करावा लागतो.

सिम्युलेशन करताना अडलात तर कोणती जोडी, कोणती फेज-व्याख्या आणि कोणता प्रतिसाद-तक्ता वापरलात ते लिहून विचारा. या तीन गोष्टी नसतील तर मला उत्तर देता येणार नाही.